यंत्र आले, माणसांचे काय?

चार वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका धर्मादाय रुग्णालयात डायलिसिसच्या यंत्राचे उद्घाटन झाले. मंडप घातला होता, पाहुण्यांची भाषणे झाली, नारळ फुटला, यंत्राला हार घातला गेला. मीही निमंत्रितांत होतो आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. कारण माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोनदा सत्तर किलोमीटर एसटीने जाऊन डायलिसिस करून घेत होते. त्यांची ही वणवण आता थांबणार होती. सात-आठ महिने ती थांबलीही. मग यंत्र चालवणारा तंत्रज्ञ जास्त पगारावर मोठ्या शहरात निघून गेला. त्याच्या हाताखाली दुसऱ्या कोणाला तयार केलेले नव्हते. दोनदा जाहिरात दिली, कोणी आले नाही. यंत्रावर कापड पडले, खोलीला कुलूप लागले आणि गुरुजी पुन्हा एसटीत बसले.

एके दिवशी तपासून झाल्यावर गुरुजींनी मला विचारले, "डॉक्टर, यंत्र तर नवे कोरे आहे. मग बिघडले काय?"

वाचकहो, यंत्रात काहीच बिघडले नव्हते. बिघडले होते ते माणसांचे नियोजन. या सदरात आपण नेहमी रोग, औषधे आणि पथ्यपाणी यांविषयी बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेऊ. रुग्णालयात नवी सोय, नवी पद्धत येते तेव्हा ती कशाच्या बळावर टिकते? आणि ती टिकत नाही तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो?

भारदस्त नाव, साधा अर्थ

मोठ्या कंपन्यांत 'ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट' नावाचा एक विभाग असतो. मराठीत त्याला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात. नाव भारदस्त असले तरी अर्थ साधा आहे. कामाला योग्य माणूस निवडणे, त्याला नीट शिकवणे, कोणी कोणते काम करायचे ते ठरवून देणे, त्याचे म्हणणे ऐकून घेणे आणि तो टिकून राहील अशी वागणूक व वेतन देणे, ही ती पाच कामे. शेतावर सालदार ठेवणारा जाणता शेतकरी हे सारे करतोच. रुग्णालयांत मात्र आम्ही डॉक्टर मंडळी याकडे कारकुनी बाब म्हणून पाहतो. हजेरीपट, रजा आणि पगार झाला की संपले, असा आमचा समज असतो.

हा समज किती महाग पडतो हे कोरोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ साली साऱ्या देशाने पाहिले. व्हेंटिलेटर आले, पण ते चालवायला शिकलेली माणसे नव्हती, म्हणून कित्येक ठिकाणी ते तसेच पडून राहिले.

शोध लागला, पण रुजला नाही

यंत्राचे जे होते तेच नव्या ज्ञानाचेही होते. वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. तेथे काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आले की, विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या खोलीत येतात आणि त्यांच्या हातांबरोबर मृत्यूही येतो. १८४७ साली त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४६ साली त्या विभागात शंभरातील अकराच्या आसपास बाळंतिणी दगावत होत्या. १८४८ साली हे प्रमाण शंभरात दोनच्याही खाली आले.

इतका मोठा गुण आलेला पाहून सगळ्यांनी ही पद्धत उचलून धरायला हवी होती. तसे झाले नाही. "तुमच्या हातांनी बायका मरतात" हे ऐकून घेणे ज्येष्ठांना जड गेले. जंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते, त्यामुळे कारण पटवणे अवघड होते. शिवाय सेमेलवाइसला माणसे बरोबर घेता आली नाहीत. त्याने आपले निष्कर्ष सविस्तर ग्रंथरूपात मांडले ते १८६१ साली, आणि विरोधकांना उघड पत्रे लिहून त्यांच्यावर खुनाचे आरोप केले. १८६५ साली मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. हात धुण्याची साधी गोष्ट सर्वमान्य व्हायला पुढे आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

दोष एकट्या सेमेलवाइसचा होता असे मी म्हणत नाही. परंतु शोध लावणे आणि तो रोजच्या कामात उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी माणसे तयार करावी लागतात.

मदुराईचे डोळ्यांचे रुग्णालय

आता हे दुसरे काम उत्तम रीतीने केल्याचे आपल्याच देशातील उदाहरण घेऊ. तामिळनाडूतील मदुराई येथे डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. सरकारी नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर अवघ्या अकरा खाटांवर त्यांनी हे काम आरंभले. संधिवाताने त्यांच्या हाताची बोटे वाकडी झालेली होती. तरीही त्याच हातांनी त्यांनी मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या.

मोतीबिंदूने आंधळे झालेले लोक देशात लाखो, आणि नेत्रतज्ज्ञ मोजके, ही त्यांच्यापुढची अडचण होती. त्यांनी विचार केला की नेत्रतज्ज्ञाचा दिवस जातो कशात? नंबर काढणे, डोळ्यांत थेंब घालणे, डोळ्यांचा दाब मोजणे, रुग्णाला धीर देणे, शस्त्रक्रियेची हत्यारे मांडणे. ही सारी कामे महत्त्वाची खरी, पण ती करायला डॉक्टरच हवा असे नाही. मग रुग्णालयाने खेड्यापाड्यांतील, शाळा संपवलेल्या मुली निवडल्या. त्यांना फी न घेता, उलट विद्यावेतन देऊन दोन वर्षे शिकवले. एकेकीला एकेका कामात तरबेज केले. डॉक्टरने फक्त निदान करायचे आणि शस्त्रक्रिया करायची.

शस्त्रक्रियागृहात शेजारी शेजारी टेबले मांडली. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्या टेबलावरचा रुग्ण या मुली तयार करून ठेवतात. पहिली संपली की डॉक्टर सूक्ष्मदर्शक वळवून दुसरी सुरू करतात. परिणाम असा की तेथील एक शल्यतज्ज्ञ वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो. आपल्या देशाच्या सरासरीच्या हे कित्येक पट आहे. खर्च इतका उतरला की पैसे देऊ शकणाऱ्यांच्या शुल्कातून गरिबांवर मोफत किंवा नाममात्र दरात उपचार होऊ लागले. १९९२ साली या संस्थेने डोळ्यांत बसवण्याची कृत्रिम भिंगेही स्वतःच तयार करायला घेतली आणि आयात भिंगांच्या मानाने ती फारच स्वस्तात उपलब्ध केली. त्या कारखान्यातही बहुतांशी खेड्यांतील मुलीच काम करतात.

अरविंदचे नाव घेताना लोक सहसा यंत्रांचे आणि स्वस्त भिंगांचे कौतुक करतात. माझ्या मते तेथील खरी नवी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी, आणि जिला कोणी नोकरीवर ठेवले नसते अशा मुलीवर दोन वर्षे खर्च करण्याची तयारी.

माणूस कोठून निवडावा?

आपल्या महाराष्ट्रातही असा धडा आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत राहून काम करतील अशी त्यांची प्रथम कल्पना होती. पण बाहेरून आलेल्या परिचारिकांना खेड्यात राहणे जमले नाही. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिला आपण शिकवावे, असा मार्ग निघाला. निवडलेल्या बायकांपैकी अनेक निरक्षर होत्या, काही दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, आपापल्या गावातील अडचणी सांगत आणि परत जाऊन काम करीत. एकदा प्रशिक्षण दिले, प्रमाणपत्र दिले आणि विषय संपला असे तेथे नव्हते. या कामाबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या डायलिसिसच्या यंत्राकडे या दृष्टीने पहा. तंत्रज्ञ बाहेरून आणला, तो बाहेर निघून गेला. यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. तरुण मुलगा, चांगली संधी मिळाली, गेला. गावातील बारावी शास्त्र झालेली दोन मुले त्याच सुमारास या अभ्यासक्रमाला पाठवली असती, तर आज खोलीला कुलूप नसते.

"थांबा" म्हणण्याचा अधिकार

निवड झाली, शिक्षण झाले. आता तिसरी गोष्ट. हाताखालच्या माणसाला बोलण्याचा अधिकार आहे का?

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या मोठ्या शिरेत एक नळी घालावी लागते. तिच्यावाटे जंतू थेट रक्तात शिरण्याचा धोका असतो, आणि असा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेतील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुणे, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकून स्वतः टोपी-मास्क-गाऊन-मोजे घालणे, त्वचा क्लोरहेक्झिडिनने पुसणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढून टाकणे. यात नवे काहीच नव्हते. प्रत्येक डॉक्टरला हे ठाऊक होते, फक्त घाईत एखादी पायरी सुटत असे.

मिशिगन राज्यातील रुग्णालयांत ही यादी लागू करताना तीन गोष्टी केल्या गेल्या. लागणारे सर्व साहित्य एकाच ढकलगाडीवर ठेवले. दर महिन्याचे संसर्गाचे आकडे तेथील कर्मचाऱ्यांना दाखवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर "थांबा" म्हणण्याचा अधिकार परिचारिकेला दिला, व रुग्णालयाचे वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, १०३ अतिदक्षता विभागांत संसर्गाचे सरासरी प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आले. यासाठी ना महागडे यंत्र लागले, ना नवे प्रतिजैविक.

हे वाचताना मला दर वेळी माझ्याच दवाखान्यातील एक रात्र आठवते.

अठरा पायऱ्या

२००४ सालचा पावसाळा होता. गावात जुलाब-उलट्यांची साथ होती आणि माझ्या आठ खाटा भरलेल्या होत्या. दीड वर्षाचे एक मूल संध्याकाळी आले. डोळे थोडे खोल गेलेले, पण मूल रडत होते. हाताला सलाईन लावले, प्रकृती सुधारल्यासारखी वाटली आणि मी वर झोपायला गेलो. माझे घर दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर आहे. मध्ये अठरा पायऱ्या.

रात्री सिस्टर एकटीच होती आणि पलीकडच्या खोलीत एका बाळंतिणीपाशी अडकली होती. वॉर्डात होत्या त्या मावशी. सकाळी सहा वाजता मी खाली आलो तेव्हा मूल रडत नव्हते. हात कोपरापर्यंत सुजला होता. सलाईन शिरेतून निसटून कातडीखाली जात होते. नाडी हाताला लागत नव्हती. पायाची शीर कशीबशी सापडली, सलाईन जोरात सोडले आणि मुलाला व आईला माझ्याच गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी नेले. तिसऱ्या दिवशी मूल उठून बसले. त्यात माझ्या कौशल्यापेक्षा नशिबाचाच भाग मोठा होता.

परत आल्यावर मी मावशींना तिरसटपणे विचारले, "रात्रभर तुम्ही तिथेच होता. काहीच दिसलं नाही?"

त्या खाली मान घालून म्हणाल्या, "दिसलं होतं डॉक्टर. हात सुजल्याला एक वाजताच दिसला. दुपटंबी संध्याकाळपासून कोरडंच होतं. पण मागं एकदा तुम्ही म्हणला होता, तुमचं काम फरशी पुसायचं, बाकीचं आम्ही बघतो."

मी तसे म्हणालो होतो. पाच-सहा महिन्यांपूर्वी, नातेवाइकांच्या देखत. त्यांनी एका रुग्णाला ताप चढल्याचे मध्येच सांगितले म्हणून मी चिडलो होतो. मी ते वाक्य विसरून गेलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. त्या एका वाक्यामुळे रात्री एक वाजता त्यांना अठरा पायऱ्या चढता आल्या नाहीत, आणि पाच तास एक मूल सुकत राहिले.

त्यानंतर मी काही नियम केले. कोणीही, कितीही वाजता, कोणत्याही शंकेसाठी मला उठवावे. शंका खोटी निघाली तरी रागावणार नाही. प्रत्येक खाटेला एक कागद लावला. लघवी झाली का, जुलाब किती, सलाईन चालू आहे का, हात सुजला का. लिहिता न येणाऱ्यालाही खूण करता यावी म्हणून चित्रे काढली. आणि दर शनिवारी सकाळी ओपीडीपूर्वी पंधरा मिनिटे सर्वांनी एकत्र बसायचे. सिस्टर, कंपाउंडर, मावशी, मी. प्रश्न एकच, "या आठवड्यात काय चुकले?"

पहिले तीन शनिवार कोणी तोंड उघडले नाही. मग मी माझीच एक चूक सांगितली. चौथ्या शनिवारी कंपाउंडर म्हणाला की दोन औषधांच्या बाटल्या अगदी सारख्या दिसतात आणि एकाच फळीवर आहेत, एकदा हात चुकता चुकता राहिला. त्याच दिवशी फळ्या बदलल्या. काही आठवड्यांनी मावशींनी सुचवले, "नंबर लागेपर्यंत पोरं आयांच्या मांडीवर तशीच पडून असत्यात. तेवढ्या वेळात पाणी पाजाय सुरू केलं तर?"

जागतिक आरोग्य संघटना हेच कित्येक वर्षे सांगत आली आहे, आणि मी ते पुस्तकात वाचलेले होते. पण माझ्या दवाखान्यात ते आले मावशींच्या तोंडून. ओपीडीच्या एका कोपऱ्यात उकळून गार केलेले पाणी, ओआरएसची पाकिटे, लिटरचे माप, वाट्या-चमचे ठेवले. मावशींना पाण्याचे प्रमाण, चमच्याने थोडे थोडे पाजण्याची रीत, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करणे, आणि कोणत्या मुलाला रांग सोडून थेट माझ्याकडे आणायचे, हे सारे शिकवले. मूल मलूल पडले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश मागे गेली, लघवी थांबली, की लगेच डॉक्टर. वाचकांनीही ही लक्षणे ध्यानात ठेवावीत.

त्या पावसाळ्यानंतर सलाईन लावावे लागणारी मुले बरीच कमी झाली. सलाईनचे बिलही कमी झाले हे मी लपवत नाही. काही पालक "साधं पाणीच पाजलं" म्हणून नाराजही झाले. तरी तो कोपरा आजतागायत चालू आहे. मावशींचा पगार मी वाढवला. तो आधीच वाढवायला हवा होता.

मोठ्या अभ्यासांत काय आढळले?

एका लहान दवाखान्याच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये. म्हणून दोन मोठे अभ्यास सांगतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याच परिचारिकांत कामाचा वीट येण्याचे प्रमाणही वाढलेले होते. माझी त्या रात्रीची सिस्टर एकटी होती, हे येथे आठवावे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायकेल वेस्ट आणि सहकाऱ्यांनी ६१ रुग्णालयांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. जेथे कर्मचाऱ्यांबरोबर बसून त्यांच्या कामाचा नियमित आढावा घेतला जातो, प्रशिक्षण व्यवस्थित दिले जाते आणि लोक गटाने काम करतात, तेथे रुग्णांचे मृत्यू कमी आढळले. एक कारण आणि दुसरे कार्य, असे अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. चांगले रुग्णालय दोन्ही गोष्टी चांगल्या करीत असेल, असेही असू शकते. पण कर्मचाऱ्यांची वागणूक आणि रुग्णाचा जीव या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, एवढे त्यातून नक्की दिसते.

लहान रुग्णालयांनी काय करावे?

ग्रामीण रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समितीवर, धर्मादाय संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर असलेले अनेक जण हे सदर वाचतात. त्यांच्यासाठी आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी काही सूचना:

१. यंत्राच्या किमतीबरोबरच ते चालवणाऱ्यांच्या शिक्षणाचा व पगाराचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. तो धरता येत नसेल तर यंत्र घेण्याची घाई करू नये.

२. कोणतेही महत्त्वाचे काम एकाच माणसाला येत असेल तर ते काम धोक्यात आहे असे समजावे. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार करावा.

३. शक्यतो स्थानिक मुला-मुलींना शिक्षणासाठी पाठवावे. घर येथेच असलेला माणूस टिकण्याची शक्यता जास्त.

४. शिक्षण एकदाच देऊन थांबू नये. आठवड्याला पंधरा मिनिटे सुद्धा पुरतात, पण ती चुकवू नयेत.

५. चूक सांगणाऱ्याला शिक्षा करू नये. चूक लपवणे मात्र गंभीर मानावे.

६. पाळी बदलताना खाटेजवळ उभे राहून रुग्ण सोपवावा. "सगळं ठीक आहे" एवढ्यावर भागवू नये.

७. वर्षातून एकदा प्रत्येकाशी स्वतंत्र बसून विचारावे की कामात अडचण काय आहे, नवे काय शिकायचे आहे. झाडणाऱ्या माणसालाही विचारावे.

रुग्ण व नातेवाइकांनी काय पहावे?

रुग्णालय निवडताना आपण इमारत पाहतो, यंत्रांची पाटी वाचतो. त्याबरोबर आणखी चार गोष्टी पहा. रात्री कोण असते, आणि एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? इंजेक्शन देण्यापूर्वी हात धुतले जातात का? पाळी बदलल्यावर नव्या सिस्टरला तुमच्या रुग्णाची माहिती असते का? आणि वर्षभराने गेल्यावर तीच माणसे तेथे भेटतात का? जेथे दर सहा महिन्यांनी सगळे चेहरे बदलतात, तेथे काहीतरी चुकते आहे हे जाणावे.

एक विनंतीही आहे. सिस्टरवर, मावशींवर, वॉर्डबॉयवर खेकसू नका. तुमच्या रुग्णाच्या उशाशी रात्री एक वाजता डॉक्टर नसतात, हीच माणसे असतात. त्यांना काही खटकले तर ते त्यांनी निर्भयपणे बोलावे, यातच तुमचे हित आहे. आणि तुम्हालाही काही खटकले, सलाईनचा हात सुजलेला दिसला, औषधाचा रंग नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर संकोच न करता विचारा.

शेवटी गुरुजींविषयी. गेल्या महिन्यात त्या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांची सभा झाली. दुसरे यंत्र घ्यावे असा एक प्रस्ताव होता. मला बोलावले होते, म्हणून मी वर लिहिले ते सारे थोडक्यात सांगितले आणि पहिल्या यंत्रावरचे कापड आधी काढा म्हणालो. बरीच चर्चा झाली. अखेर गावातील एक मुलगा आणि एक मुलगी यांना संस्थेच्या खर्चाने डायलिसिस तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला पाठवण्याचे ठरले. त्यातील मुलगी गुरुजींच्याच शाळेत शिकलेली आहे.

अभ्यासक्रम पुरा व्हायला वेळ लागेल. तोवर गुरुजी मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीने जातील.